महिला लोकप्रतिनिधींची अवहेलना आणि दाद मागण्याचे मार्ग

प्रास्ताविक

एखाद्या महिला लोकप्रतिनिधीविषयी जाहीर सभेत अनुदार उद्गार काढले गेले, की पुढील घटनाक्रम बहुधा ठरलेला असतो. निषेधाची पत्रके निघतात, मोर्चे होतात, बोलण्याचा विपर्यास झाल्याचा खुलासा येतो, दिलगिरी व्यक्त होते आणि विषय संपला असे मानले जाते. दिलगिरीने हा विषय संपत नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. अशा उद्गारांनी एका व्यक्तीचा अपमान होतो हे खरेच. परंतु त्याहून महत्त्वाचे म्हणजे तिच्या प्रतिनिधित्वाच्या हक्कात अडथळा निर्माण होतो. आपली दाद मागण्याची व्यवस्था अपमानाची नोंद घेते, अडथळ्याची मात्र क्वचितच घेते.

संख्यात्मक पार्श्वभूमी

७३व्या व ७४व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांना एक-तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये हे प्रमाण निम्म्यावर नेले. केडगाव ज्या महानगरपालिकेच्या हद्दीत येते, त्या अहिल्यानगर महानगरपालिकेलाही हाच नियम लागू आहे. आरक्षण नसलेल्या सभागृहात चित्र वेगळे दिसते. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत २८८ जागांपैकी केवळ २१ जागांवर स्त्रिया निवडून आल्या. अहिल्यानगर जिल्ह्यातील बारा मतदारसंघांपैकी फक्त शेवगावमधून स्त्री उमेदवार विजयी झाली. ज्या जिल्ह्याला २०२४ मध्ये चौंडी येथे जन्मलेल्या राज्यकर्त्या स्त्रीचे नाव देण्यात आले, त्या जिल्ह्याची ही आकडेवारी आहे. २०२३ च्या १०६व्या घटनादुरुस्तीने विधानसभा व लोकसभेत एक-तृतीयांश आरक्षण दिले. तथापि दुरुस्तीच्या मूळ मजकुरातच त्याची अंमलबजावणी जनगणना व मतदारसंघांची पुनर्रचना यांच्याशी जोडलेली आहे.

अवहेलनेचे प्रकार

अलीकडील घटनांचा विचार करता अवहेलनेचे तीन प्रकार स्थूलमानाने सांगता येतात.

पहिला प्रकार स्त्रीला घराकडे परत पाठविण्याचा. मे २०२२ मध्ये इतर मागासवर्गीयांच्या राजकीय आरक्षणावर वाद चालू असताना भाजपचे तत्कालीन प्रदेशाध्यक्ष चंद्रकांत पाटील यांनी खासदार सुप्रिया सुळे यांना घरी जाऊन स्वयंपाक करण्याचा सल्ला दिला. राज्य महिला आयोगाने दखल घेतल्यानंतर त्यांनी दिलगिरी व्यक्त केली. या प्रसंगी आरक्षणाचा मूळ प्रश्न बाजूला पडला आणि चर्चा स्वयंपाकघरापाशी येऊन थांबली, ही बाब लक्षणीय आहे. याच महाराष्ट्रात १९७२-७३ च्या दुष्काळ व महागाईच्या काळात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर प्रभृतींनी लाटणे हाती घेऊन मोर्चे काढले होते. स्वयंपाकघर हा राजकारणाचा विषय होऊ शकतो, हे त्यांनी दाखवून दिले. त्याच स्वयंपाकघराचा उल्लेख स्त्रीला राजकारणाबाहेर काढण्यासाठीही होतो.

दुसरा प्रकार चर्चा देहाकडे व चारित्र्याकडे वळविण्याचा. विधानसभा निवडणुकीच्या प्रचारात खासदार अरविंद सावंत यांनी उमेदवार शायना एन. सी. यांच्यासंदर्भात ‘माल’ हा शब्द वापरला. त्यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये पोलिसांत तक्रार केली. सावंत यांनी पुढे खेद व्यक्त केला. स्त्री आणि पुरुष यांना चारित्र्याची वेगवेगळी मापे लावली जातात, याविरुद्ध ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली. प्रचारसभांतून आजही तीच दुहेरी मापे वापरली जाताना दिसतात.

तिसरा प्रकार पदच अमान्य करण्याचा. जळगाव जिल्ह्यातील विचखेडा येथील महिला सरपंच सासूसमवेत शासकीय जागेवर राहतात, या तक्रारीवरून त्यांना अपात्र ठरविण्यात आले. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते आदेश रद्द केले. स्त्री सरपंच झाली आहे आणि तिचे आदेश पाळावे लागतील, हे ग्रामस्थांना मानवले नाही, असे निरीक्षण न्यायालयाने नोंदविले. शासकीय यंत्रणेच्या बेपर्वा कार्यपद्धतीवरही ताशेरे ओढले. येथे अपशब्दाची आवश्यकताच पडली नाही; कागदपत्रांनी तेच काम केले.

आवाज उठविल्यानंतर

बोलणाऱ्या स्त्रीला कोणती किंमत द्यावी लागते, हे आपल्याच जिल्ह्यातील एका प्रसंगातून स्पष्ट होते. २५ ऑक्टोबर २०२४ रोजी संगमनेर तालुक्यातील धांदरफळ येथील सभेत काँग्रेसच्या युवा कार्यकर्त्या डॉ. जयश्री थोरात यांच्याविषयी एका वक्त्याने आक्षेपार्ह वक्तव्य केले. गुन्हा नोंदविला जावा यासाठी त्यांना पोलीस ठाण्यासमोर रात्रभर ठिय्या द्यावा लागला. वक्त्यावर गुन्हा दाखल होऊन त्यास अटक झाली. तथापि ठिय्या आंदोलनाबद्दल थोरात व त्यांच्या सहकाऱ्यांवरही गुन्हा नोंदविण्यात आला. ज्येष्ठ नेत्याची कन्या असलेल्या, मोठे संघटन पाठीशी असलेल्या स्त्रीची ही स्थिती असेल, तर राखीव जागेवर प्रथमच निवडून आलेल्या नगरसेविकेने वा ग्रामपंचायत सदस्येने गप्प राहणे पसंत केले, यात आश्चर्य वाटू नये. तिचे मौन हे संमतीचे लक्षण मानणे चुकीचे ठरेल.

हा अनुभव केवळ आपल्याकडील नाही. आंतर-संसदीय संघाने २०१६ मध्ये ३९ देशांतील ५५ महिला संसद सदस्यांच्या मुलाखती घेतल्या, त्यांपैकी ८१.८ टक्के सदस्यांनी मानसिक हिंसेचा अनुभव सांगितला. २०१९ च्या लोकसभा निवडणूक काळात भारतातील ९५ महिला राजकारण्यांना उद्देशून केलेल्या ट्वीटचा अभ्यास ॲम्नेस्टी इंडियाने केला. सुमारे सातपैकी एक ट्वीट आक्षेपार्ह वा शिवीगाळ करणारे आढळले. ऑक्टोबर २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधान ज्युलिया गिलार्ड यांनी संसदेतच विरोधी पक्षनेत्याच्या स्त्रीविषयक वक्तव्यांचा पाढा वाचला. ते भाषण जगभर गाजले, कारण देशाची पंतप्रधानही या वागणुकीतून सुटत नाही, हे त्यातून उघड झाले.

कायद्याची दृष्टी

भारतीय न्याय संहितेचे कलम ७९ (पूर्वीच्या दंड संहितेचे कलम ५०९) स्त्रीच्या ‘विनयाचा’ अपमान करणारे शब्द शिक्षापात्र ठरविते. यात स्त्री ही विनयशील व्यक्ती म्हणून संरक्षित आहे, लोकप्रतिनिधी म्हणून नव्हे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२३(४) नुसार उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याविषयी खोटे विधान प्रसिद्ध करणे हा भ्रष्टाचार ठरतो. परंतु ही तरतूद उमेदवारापुरतीच मर्यादित आहे व ती निवडणूक याचिकेतूनच उपयोगात येते. प्रचारात राबणारी कार्यकर्ती तिच्या कक्षेबाहेर राहते. आचारसंहिता खाजगी जीवनावरील टीका वर्ज्य मानते. मात्र ती निवडणूक काळापुरतीच असते. विधिमंडळातील भाषणाला अनुच्छेद १९४ चे संरक्षण असल्याने तेथे पीठासीन अधिकाऱ्यांवरच भिस्त ठेवावी लागते. लैंगिक छळविरोधी २०१३ च्या कायद्यानुसार तक्रार समिती नेमणे राजकीय पक्षांवर बंधनकारक नाही, कारण पक्ष व सदस्य यांत मालक-नोकर संबंध नसतो, असा निर्णय केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिला.

याउलट बोलिव्हियाने २०१२ मध्ये स्त्रियांवरील राजकीय छळ व हिंसेविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. स्त्रीला तिचे राजकीय कार्य करू न देणे, हाच त्यात अपराधाचा गाभा मानला आहे. आपल्याकडेही या दिशेने एक पाऊल पडलेले आहे. महिलेसाठी राखीव पदावरील स्त्री सरपंचाविरुद्ध अविश्वास ठराव संमत होण्यास तीन-चतुर्थांश बहुमत आवश्यक करण्याची सुधारणा महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत कायद्यात झाली, ती याच जाणिवेतून. पद टिकविण्याला कायद्याने संरक्षण दिले. त्या पदावरून निर्भयपणे बोलण्याला ते अद्याप मिळावयाचे आहे.

समारोप

वरील विवेचनावरून तीन सूचना पुढे येतात. राजकीय पक्षांनी स्वेच्छेने तक्रार निवारण समित्या नेमाव्यात. स्थानिक संस्थांच्या इतिवृत्तात सदस्येचा आक्षेप आणि तिचा अपूर्ण राहिलेला मुद्दा, या दोहोंची नोंद घेतली जावी. आणि निषेध करणाऱ्यांनी केवळ दिलगिरीची मागणी न करता मूळ प्रश्नाच्या उत्तराचीही मागणी करावी. राज्यशास्त्राच्या वर्गात आपण आरक्षणाच्या टक्केवारीचे अध्यापन करतो. निवडून आलेल्या स्त्रीला बोलू दिले जाते काय, आणि तिने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळते काय, हेही प्रतिनिधित्वाचे मोजमाप आहे, याची जाणीव विद्यार्थ्यांना करून देणे तितकेच अगत्याचे होय.