बुधवारी किती पळायचं?

सकाळी साडेसहाला फिजिओच्या खोलीत पहिलं काम असतं ते रक्तदाब मोजायच्या पट्ट्याचं. खेळाडू उताणा झोपतो, गुडघे वाकवतो, थोडी हवा भरलेला पट्टा दोन गुडघ्यांमध्ये धरतो आणि अंगात असेल तेवढा जोर लावून दाबतो. काटा कुठवर चढला ते वहीत लिहायचं, पुढच्याला बोलवायचं. रोज 240 च्या आसपास जाणारा मुलगा आज 190 ला अडकला, की समजायचं, शनिवारच्या सामन्याचा शीण जांघेतून अजून उतरलेला नाही. त्याला विचारावं तर उत्तर ठरलेलं. ‘‘काय न्हाई सर, जरा भरल्यागत झालंय.’’ कोल्हापूरकडच्या पोरांच्या तोंडून ‘काय न्हाई’ आलं, की मी त्याच्याकडे दोनदा बघतो.

हा पट्टा कुठल्याही औषधांच्या दुकानात मिळतो. मांडीच्या आतल्या बाजूचे स्नायू फुटबॉलमध्ये फार राबतात. आतल्या पायाने पास देताना, पळता पळता एकदम वळताना, घसरत जाऊन बॉल काढताना सगळा ताण तिथे येतो. तिथली दुखापत हळूहळू येते आणि एकदा आली की महिनोन्महिने हलत नाही. तिची चाहूल चार दिवस आधी लागली, तर त्या पोराचा हंगाम वाचतो.

क्लबच्या कागदावर माझं पद ‘परफॉर्मन्स कोच’ असं लिहिलेलं असतं. मैदानावर मी ‘फिटनेसवाले सर’. कसं खेळायचं ते मुख्य प्रशिक्षक ठरवतो, जायबंदी झालेल्याला फिजिओ बरा करतो. या दोघांच्या मधली जागा आमची. जे धडधाकट आहेत ते तसेच राहावेत, आणि 85 व्या मिनिटालाही त्यांच्या पायांत एक जोरदार धाव शिल्लक असावी, याची जबाबदारी आमच्यावर. फुटबॉलपटू सामन्यात साधारण दहा-अकरा किलोमीटर अंतर कापतो असं सगळे सांगतात. त्यातलं बरंचसं तो चालतो किंवा रमतगमत पळतो. ताशी 25 किलोमीटरच्या वरचा वेग जेमतेम काहीशे मीटर असतो. गोल होतात आणि वाचतात ते बहुतेक याच काहीशे मीटरांत. मैदानाला फेऱ्या मारून ही ताकद येत नाही. तरीही आपल्याकडे कित्येक ठिकाणी सरावाची सुरुवात अजून दहा फेऱ्यांनीच होते, आणि ते बघून मला मनापासून वाईट वाटतं.

आता मोठ्या क्लबांकडे जीपीएसची बनियनं आहेत. पाठीवर, दोन खांद्यांच्या फऱ्यांमध्ये छोट्या खिशात यंत्र बसतं आणि ते सेकंदाला दहा वेळा खेळाडूची जागा टिपतं. 2015 पासून ते सामन्यातही घालायला परवानगी आहे. सराव संपला की लॅपटॉपवर रंगीत पट्टे उमटतात: कोण किती पळाला, किती वेळा वेग घेतला, किती वेळा करकचून थांबला. या पेशात येऊ पाहणाऱ्या मुलामुलींना याच पडद्याचं आकर्षण असतं, आणि ते साहजिक आहे. पण कोणाची रात्र आईच्या आजारपणाच्या फोनवर गेली, कोण गावाहून रात्रभर एसटीत बसून आलाय, कोणाचा रोजा आहे, हे त्या पडद्यावर उमटत नाही. रमजानमध्ये सरावाची वेळ इफ्तारनंतर नेता येईल का, हे महिनाभर आधी प्रशिक्षकांशी बोलून ठेवावं लागतं. मेसमधल्या मावशींशीही ओळख लागते. नाश्त्याला नुसते पोहे आले तर त्याबरोबर उकडलेली अंडी नाहीतर मटकीची उसळ आली पाहिजे, हे त्यांना पटलं की अर्ध्या संघाच्या आहाराचा प्रश्न सुटतो.

मला स्वतःला सगळ्यांत जास्त उपयोगी पडलेलं साधन फुकटचं आहे. अमेरिकेतल्या कार्ल फॉस्टर यांनी ते रूढ केलं. सराव संपल्यावर अर्ध्या तासाने खेळाडूला विचारायचं, आज दहापैकी किती जड गेलं? तो सांगेल त्या आकड्याला सरावाच्या मिनिटांनी गुणायचं. 75 मिनिटं आणि ‘सहा’ म्हणजे 450. असे आकडे आठवड्याभर मांडले की कोणावर किती भार पडला ते समोर येतं. कसब सगळं विचारण्यात आहे. चौघांत विचारलं तर कर्णधार जे बोलेल तेच सगळे बोलतात. म्हणून एकेकाला बाजूला घेऊन, बुटांच्या नाड्या सोडताना, पाण्याची बाटली हातात देताना विचारायचं. काही मुलं कायम ‘तीन’ सांगतात, कारण ‘आठ’ म्हटलं तर संघातून नाव कापलं जाईल अशी त्यांना धास्ती असते. अशा मुलाचा आकडा वहीत जातो खरा, पण माझं लक्ष तो जिना कसा उतरतो याकडे असतं.

सामना शनिवारी असेल, तर रविवारी खेळलेल्यांना हलकी सायकल आणि पाण्यातला व्यायाम. जे बाकावर बसले होते, त्यांच्याकडून मात्र जोरात पळण्याचा कोटा पुरा करून घ्यायचा. हे काम कोणालाच आवडत नाही. खेळायला न मिळाल्याने मुलगा आधीच हिरमुसलेला असतो आणि त्यात त्याला एकट्याने धावा काढाव्या लागतात. पण पुढच्या शनिवारी तो अचानक संघात आला, तर मांडी जाते ती त्याचीच. सोमवारी सुट्टी. मंगळवारी छोट्या चौकोनात चारास चार, खूप वळणं, खूप थांबणं. बुधवारी मोठं मैदान आणि पूर्ण वेग. गुरुवारपासून भार उतरवत न्यायचा, शुक्रवारी तासाभरात आटपायचं.

या आठवड्यातला नाजूक दिवस बुधवार. मांडीच्या मागचा स्नायू, ज्याला मैदानावर सगळे हॅमस्ट्रिंग म्हणतात, तो इथे जपायचाही असतो आणि ताणायचाही. युरोपातल्या अव्वल क्लबांच्या दुखापतींची नोंद युएफा वर्षानुवर्षं ठेवते. 2001-02 च्या हंगामात एकूण दुखापतींत हॅमस्ट्रिंगचा वाटा 12 टक्के होता, 2021-22 मध्ये तो 24 टक्क्यांवर गेला. खेळ वेगवान झाला, सामने वाढले. यावर भाबडा उपाय म्हणजे खेळाडूला सरावात जोरात पळूच न देणं. त्याने उलटंच होतं. आठवडाभर ताशी 25 च्या वर न गेलेला विंगर शनिवारी एकदम 32 ला जातो, आणि 60 व्या मिनिटाला मांडीला हात लावून खाली बसतो. म्हणून बुधवारी त्याला त्याच्या सर्वोच्च वेगाच्या अगदी जवळ दोन-तीनदा न्यायचंच. किती वेळा आणि कोणाला, हा निर्णय आमचा.

त्याच्या जोडीला नॉर्डिक नावाचा व्यायाम. गुडघ्यांखाली गादी, मागून सोबत्याने दोन्ही टाचा घट्ट दाबून धरलेल्या. पाठ ताठ ठेवून मुलगा पुढे झुकत जातो, जितकं सावकाश जमेल तितकं. निम्म्यावर आला की मांड्या थरथरायला लागतात, गळ्याच्या शिरा दिसतात आणि मग तो हातांवर कोसळतो. नियमाने केलेल्या नॉर्डिकमुळे हॅमस्ट्रिंगच्या दुखापती जवळजवळ निम्म्याने घटतात, असं अनेक अभ्यासांतून पुढे आलंय. एवढा स्वस्त आणि एवढा टाळला जाणारा व्यायाम दुसरा नसेल. दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात म्हणून पोरं पळ काढतात, आणि सामना हरलो की प्रशिक्षक पहिल्यांदा हाच व्यायाम बंद करतात.

इथेच या पेशातली खरी परीक्षा असते. बुधवारी सकाळी वहीतला आकडा सांगतोय, की संघाच्या हुकमी स्ट्रायकरला आज पूर्ण सराव नको. प्रशिक्षकाला मात्र शनिवारची चाल त्याच्यावरच बसवायची आहे. अशा वेळी आलेख घेऊन जाणाऱ्याचं कोणी ऐकत नाही. सराव सुरू होण्याआधी, दोघंच असताना, दोन वाक्यांत बोलायचं आणि सोबत पर्याय द्यायचा: ‘‘कोच, चाल त्याच्यावरच बसवा. शेवटची पंधरा मिनिटं मोठ्या मैदानावर तेवढी दुसऱ्याला द्या.’’ नुसतं ‘नको’ म्हटलं तर पुढच्या वेळी आपल्याला विचारतच नाहीत. आणि खेळाडूंच्या देखत हा विषय कधी काढायचा नाही.

माझी नजर घडली ती कोल्हापुरात. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही तालमींची नावं. त्यांचेच फुटबॉल संघ. छत्रपती शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठाच्या पेठा लोटतात. आखाड्यातला वस्ताद हौद्यात उतरणाऱ्या पोराची चाल बघून सांगायचा, आज याला जोड देऊ नका. जोर-बैठकांनी तिथल्या पोरांचे खांदे आणि कंबर लोखंडासारखी झालेली असते. कमी पडतं ते दुसरंच: पूर्ण वेगात पळून जागच्या जागी थांबण्याचा सराव, आणि विश्रांती. एका स्पर्धेमागून दुसरी लागते, मैदान कडक असतं, आणि पेठेची इभ्रत पणाला लागलेली असताना ‘आज खेळत नाही’ म्हणायची कोणाची छाती होत नाही. त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 मध्ये भारतात झालेल्या 17 वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला. असे आणखी पाय तिथे आहेत, ते जपणारी माणसं कमी आहेत.

शिक्षणाचं विचाराल, तर मार्ग बरेच आहेत. बीपीएड, क्रीडाशास्त्रातली पदव्युत्तर पदवी, ग्वाल्हेरची लक्ष्मीबाई संस्था, पतियाळाची एनआयएस. अमेरिकेची सीएससीएस ही स्ट्रेंथ-कंडिशनिंगची परीक्षा पदवीधराला भारतात बसूनही देता येते आणि क्लब तिला मान देतात. आशियाई फुटबॉल महासंघाचे फिटनेस प्रशिक्षकांसाठीचे अभ्यासक्रमही आहेत. यातलं एक तरी पदरी असावं, शरीरशास्त्र पक्कं असावं, एक्सेलवर हात बसलेला असावा.

पण नोकरीचं चित्र लपवण्यात अर्थ नाही. इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) क्लबात परदेशी मुख्य प्रशिक्षक अनेकदा आपला फिटनेस कोच सोबत घेऊन येतो, आणि गेला की तोही जातो. भारतीय माणसाला सहाय्यकाची जागा, करार बहुतेकदा एका हंगामाचा. 2025 च्या जुलैत लीगचा पुढचा हंगाम लांबणीवर पडल्याचं जाहीर झालं, तेव्हा काही क्लबांनी खेळाडूंबरोबर कर्मचाऱ्यांचेही पगार थांबवले. ज्यांच्या घरी हप्ते चालू होते, त्यांचे ते महिने कसे गेले ते मी जवळून पाहिलंय. म्हणून या पेशात उतरणाऱ्याने मोठ्या क्लबच्या टी-शर्टवर डोळा ठेवून आयुष्य आखू नये.

खरी गरज खाली आहे, 13 ते 15 वर्षांच्या मुलामुलींच्या मैदानावर. या वयात मुलगा वर्षाकाठी सहज आठ-नऊ सेंटिमीटर वाढतो. हाडं पुढे पळतात, स्नायू मागे राहतात, आणि गुडघ्याखालच्या हाडाच्या टेंगळाला हात लावला तरी तो कळवळतो. मी दर तीन महिन्यांनी भिंतीशी उभं करून उंची मोजतो, मग स्टुलावर बसवून बसल्या उंचीची नोंद घेतो. पाय झपाट्याने लांबताना दिसले की उड्या आणि धावा कमी करायच्या. त्या मुलाचा आठवडा कागदावर लिहून काढला की पालकही गप्प होतात: शाळेचा संघ, अकादमी, सकाळचं खासगी कोचिंग, रविवारची टर्फवरची मॅच. प्रत्येकाला आपलेच दोन तास दिसतात, बेरीज कोणीच केलेली नसते. मुलींच्या बाबतीत तर गुडघ्यातला एसीएल नावाचा अस्थिबंध तुटण्याचा धोका मुलांच्या दोन ते तीन पट असतो. त्यावर उपाय आहे. फिफाचा ‘11 प्लस’ नावाचा वीस मिनिटांचा वॉर्मअप आहे: पळणं, एका पायावर तोल, उडी मारून गुडघा आत न वळवता उतरणं, वळणं. नॉर्वेत 13 ते 17 वयाच्या मुलींवर त्याची मोठी चाचणी झाली, 2008 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकूण दुखापती सुमारे एक-तृतीयांशाने घटल्या होत्या. त्याला एकही यंत्र लागत नाही. लागतो तो आठवड्यातून दोनदा न चुकता तो करून घेणारा, आणि प्रत्येकीचा गुडघा बघत उभा राहणारा माणूस.

म्हणून या पेशाची विचारणा करणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगतो. परदेशी अभ्यासक्रमाचे लाखभर रुपये भरण्याआधी आपल्या गावातल्या शाळेचा किंवा तालमीचा 15 वर्षांखालचा संघ एक अख्खा हंगाम सांभाळा, आणि रोजची वही ठेवा. मुलाखतीला जाल तेव्हा प्रमाणपत्राबरोबर ती वही न्या. आणि क्लबांच्या, शाळांच्या, तालमींच्या पदाधिकाऱ्यांना विनंती, की स्पर्धेच्या बक्षिसाच्या रकमेतून थोडी बाजूला काढा आणि अशा एका माणसाला वर्षभराचा पगार द्या.