चाल गोठणे (कंपवात)

चाल गोठणे हे कंपवाताच्या (पार्किन्सन रोगाच्या) रुग्णांमध्ये, विशेषतः आजार वाढल्यानंतर, आढळणारे लक्षण आहे. चालण्याची इच्छा असूनही पाऊल उचलले जात नाही; पाय जमिनीला चिकटल्यासारखे वाटतात. ही अवस्था बहुधा काही सेकंदच टिकते. चालू लागताना, वळताना, दारातून किंवा अरुंद जागेतून जाताना ती अधिक उद्भवते. पाय थांबले तरी धड पुढे झुकत राहते, त्यामुळे पडण्याचा धोका मोठा असतो.

अवधानाशी संबंध

निरोगी व्यक्तीला चालताना प्रत्येक पावलाकडे लक्ष द्यावे लागत नाही. सवयीने होणाऱ्या अशा हालचालींच्या नियंत्रणात मेंदूच्या अंतर्भागातील बेसल गँग्लिया या चेतापेशीसमूहांचा मोठा वाटा असतो. कंपवातात डोपामिन तयार करणाऱ्या चेतापेशी नष्ट होत जातात व चालण्यातील ही सहजता उणावते. ती उणीव रुग्ण जाणीवपूर्वक पाऊल टाकून भरून काढतो. अवधानाची क्षमता मात्र मर्यादित असते आणि या आजारात तीही घटू शकते. त्यामुळे चालता चालता बोलणे, हिशेब करणे किंवा भरलेला कप नेणे अशा प्रसंगी पावले आखूड व अनियमित होतात, कधी चाल पूर्ण थांबते. हा हट्ट किंवा आळस नव्हे. भोवतालच्यांनी घाई केल्यास अडचण वाढतेच.

बाह्य संकेत

सपाट जमिनीवर अडखळणारा रुग्ण जिना मात्र सहज चढतो, हा या लक्षणातील चकित करणारा भाग होय. ब्रिटिश चेतारोगतज्ज्ञ जेम्स पर्डन मार्टिन यांनी १९६७ मधील आपल्या ग्रंथात जमिनीवरील आडव्या रेषांमुळे रुग्णांची चाल सुधारत असल्याचे वर्णन केले. चालण्याच्या दिशेला समांतर असलेल्या रेषांचा तसा उपयोग होत नाही. पुण्याच्या डिझायनर मिलेहा सोनेजी यांनी याच विसंगतीवरून सपाट जमिनीवर पायऱ्यांचा आभास निर्माण करणारे चित्र तयार केले. ठरावीक लयीचे ठोके किंवा मनातल्या मनात आकडे मोजणे यांचाही उपयोग होतो. असे संकेत लक्ष पुन्हा पावलावर आणतात, असे एक स्पष्टीकरण दिले जाते.

औषधोपचार

लेव्होडोपामुळे चालीचा मंदपणा कमी होतो; गोठणे मात्र प्रत्येक रुग्णात तितके कमी होत नाही. अवधानाशी निगडित ॲसिटिलकोलिन या रसायनाची पातळी वाढवणाऱ्या रिव्हास्टिग्माइनची चाचणी १३० रुग्णांवर झाली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार साध्या चालण्यातील पावलांची अनियमितता घटली, परंतु चालताना अवघड बौद्धिक काम दिले असता स्पष्ट फरक दिसला नाही.