पिवळी पाटी पांढरी करताना

मंगळवेढ्यात जुनी गाडी शोधणाऱ्याला एक गाडी हमखास दाखवली जाते. चार-पाच वर्षांची डिझायर किंवा एर्टिगा, नुकतीच धुऊन-पुसून उभी केलेली, आणि त्याच सालच्या खासगी गाडीपेक्षा लाख-दीड लाखाने स्वस्त. ‘टी परमिटची आहे, पण पांढरी करून देतो,’ असं एजंट सांगतो. ती घ्यावी की नाही, याचं उत्तर गाडीगणिक बदलतं. मात्र उत्तराकडे जायची वाट ठरलेली आहे, आणि ती इसार देण्याआधी पूर्ण चालून व्हावी.

या भागात अशा गाड्या मुबलक आहेत, कारण इथली भाड्याची वाहतूक बारमाही आहे. पंढरपूर पंचवीसेक किलोमीटरवर. आषाढी-कार्तिकी सोडली तरी पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर, गाणगापूर अशा देवदर्शनाच्या फेऱ्या वर्षभर चालू असतात. शिवाय पुण्यात ॲपवर चाललेल्या गाड्या कर्ज फिटलं की गावाकडे विकायला येतात आणि सीमेपलीकडच्या विजयपूरहून केए २८ च्या गाड्याही येतात. या सगळ्या स्वस्त असतात त्याची कारणं दोन: रनिंग आणि कागद. ही दोन्ही कारणं रुपयांत मोजता येतात.

घरासाठी की भाड्यासाठी?

पहिला प्रश्न गाडीला नाही, स्वतःला विचारायचा. गाडी भाड्यानेच चालवायची असेल तर पाटी पिवळीच ठेवा. तेव्हा आरसी आणि परवाना दोन्ही आपल्या नावावर करून घ्यायचे. परवाना गाडीबरोबर आपोआप येत नाही. मोटार वाहन कायद्यानुसार तो दुसऱ्याच्या नावावर करायला परिवहन प्राधिकरणाची परवानगी लागते. लायसन्सची अडचण आता उरलेली नाही. हलक्या वाहनाच्या लायसन्सवर साडेसात हजार किलोपर्यंतचं व्यावसायिक वाहन चालवता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे.

घरासाठी हवी असेल तर पाटी पांढरी करावी लागेल. ‘पांढरी करू आणि अधूनमधून भाडंही मारू’ हा मधला विचार मात्र सोडून द्या. परवान्याशिवाय भाडं घेणं हा गुन्हा आहे, आणि वाटेत अपघात झाला तर खासगी वापराचा विमा काढलेली कंपनी नेमकं याच मुद्द्यावर दावा अडवते.

किलोमीटर किती, आणि कुठले?

मंगळवेढ्याहून निघून अक्कलकोट आणि तुळजापूर करून परत यायचं तर अडीचशेच्या वर किलोमीटर होतात. महिन्याला अशा वीस फेऱ्या धरल्या तर पाच हजार, वर्षाला साठ हजार. म्हणजे पाच वर्षं टुरिस्ट म्हणून फिरलेल्या गाडीचं रनिंग तीन लाखांच्या आसपास असलं तर आश्चर्य नाही. अशा गाडीचं मीटर ८५ हजार दाखवत असेल, तर गाडी बराच काळ उभी होती किंवा मीटर मागे केलेलं आहे. पहिलं खरं असेल तर विकणाऱ्याने ते पुराव्यानिशी दाखवावं.

मीटरची पडताळणी सोपी आहे. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये प्रत्येक सर्व्हिसिंगच्या वेळचं रीडिंग नोंदलेलं असतं. गाडीचा मालक बरोबर असेल तर ती नोंद बघायला मिळते. पीयूसीच्या आणि विम्याच्या जुन्या कागदांवर, बाहेरच्या गॅरेजच्या बिलांवर, ऑइल बदलल्यावर बॉनेटखाली चिकटवलेल्या चिठ्ठीवरही आकडे सापडतात. हे सगळे तारखेनुसार लावले की एखादा आकडा उलटा गेलेला लगेच दिसतो.

पण नुसत्या आकड्याला घाबरायचंही कारण नाही. रत्नागिरी-नागपूर महामार्गावर पाचव्या गिअरमध्ये एकसारख्या वेगाने कापलेले दोन लाख किलोमीटर इंजिनाला फारसे छळत नाहीत. पुण्याच्या सिग्नलवर थांबत-निघत केलेले सव्वा लाख जास्त छळतात. तिथे क्लच आणि ब्रेक झिजतात आणि इंजिन तासन्‌तास जागेवर चालू राहतं. ते तास मीटरवर कधीच येत नाहीत.

गाडी कोणाच्या हातात होती, हेही तितकंच महत्त्वाचं. मालक स्वतःच चालवत असेल तर ती गाडी त्याच्या पोटापाण्याची असते. तो ऑइल वेळेवर बदलतो, कारण गाडी दोन दिवस उभी राहिली तर भाडं बुडतं. एजन्सीची गाडी ड्रायव्हर बदलत फिरलेली असते. स्वतः चालवायला भाड्याने देण्याच्या गाड्यांची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. केंद्राच्या १९८९ च्या योजनेनुसार या धंद्याच्या परवान्यासाठी निदान ५० गाड्या लागतात, त्यामुळे या गाड्या मोठ्या कंपन्यांच्या असतात. त्यांची सर्व्हिसिंगची नोंद सहसा नीट मिळते, पण त्या शेकडो अनोळखी हातांतून गेलेल्या असतात.

गाडीवरच्या खुणा

गाडी दिवसाउजेडी बघा, आणि इंजिन थंड असताना. तुम्ही पोचायच्या आधीच ती चालू करून गरम ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा. थंड इंजिन एका सेल्फमध्ये चालू झालं पाहिजे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर थंडीच्या सकाळी थोडा वेळ चालतो, पण इंजिन गरम झाल्यावरही येत राहिला तर शंका घ्या. इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण उघडून बघा. तिथून जोरात वाफारा येत असेल तर रिंग-पिस्टनची झीज झाली आहे आणि इंजिनाचं काम जवळ आलं आहे.

मग आत बसा. ब्रेक आणि क्लचच्या पेडलचं रबर, स्टिअरिंगची कड, गिअरची मूठ, ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची बाजू यांची झीज मीटरवरच्या आकड्याशी जुळते का पाहा. पेडलचं रबर कोरं करकरीत आणि सीट खचलेली, असा मेळ संशयास्पद आहे. मागच्या सीटही दाबून बघा, कारण घरच्या गाडीत त्या क्वचितच इतक्या दबतात. छतावर कॅरिअरचे चट्टे, डॅशबोर्डवर मोबाइल स्टँडच्या खुणा, काचेवर खरवडलेल्या स्टिकरचे डाग दिसले तर वापर कसा होता ते कळतं. पाटी पांढरी असूनही हे सगळं दिसत असेल, तर ती गाडी चोरून भाड्याने फिरली आहे किंवा तिची पाटी आधीच बदललेली आहे. आरसीवर मॉडेलचं नावही वाचा. मारुती टॅक्सीसाठी ‘टूर’ नावाने वेगळं मॉडेल विकते. पाटी पांढरी झाली तरी ते नाव बदलत नाही.

टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे, म्हणजे ‘२३२२’ असेल तर टायर २०२२ च्या तेविसाव्या आठवड्यातला. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. आत चिखलाची रेघ असेल तर गाडी पाण्यात बुडालेली होती. भीमा-सीनेच्या पट्ट्यात ही तपासणी टाळू नका.

सीएनजीची गाडी असेल तर टाकीवरची पट्टी वाचा. टाकीची दाबचाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते आणि तिची तारीख तिथे असते. किट बाहेरून बसवलं असेल तर आरसीवर इंधनाच्या रकान्यात सीएनजीची नोंद हवीच. डिझेल हवी असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा: मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बंद केल्या, त्यामुळे डिझेलची डिझायर किंवा एर्टिगा त्याआधीचीच असणार.

चालवून बघताना दोन रस्ते घ्या. माचणूरच्या दिशेने महामार्गावर वेग, ब्रेक आणि क्लच कळतो. चौथ्या गिअरमध्ये जोर दिल्यावर इंजिनाचा आवाज वाढला पण वेग वाढला नाही, तर क्लच प्लेट गेली आहे. नंतर तालुक्याच्या दक्षिणेकडच्या एखाद्या खडबडीत गावरस्त्याला लागा. तिथे लोअर आर्म, बुश आणि शॉकॲब्सॉर्बर आपणहून बोलतात. गाडी ८० च्या पुढे जातच नसेल तर इंजिनाला दोष देऊ नका. टॅक्सीला त्या वेगाचं मर्यादायंत्र बसवणं बंधनकारक आहे. उलट ८० च्या पुढे सहज जात असेल तर यंत्र काढून वायरी कशा जोडल्या आहेत ते मिस्त्रीला बघायला सांगा. २०१९ पासून नोंदलेल्या टॅक्सींत जीपीएस आणि पॅनिक बटणाचंही वायरिंग असतं. ते तोडून काढलं असेल तर पुढे विजेच्या कुरबुरी सुरू होतात.

कागद

गाडीचा नंबर परिवहन खात्याच्या एमपरिवहन ॲपवर टाका. मालक कितवा, पासिंग कधीपर्यंत, विमा आणि पीयूसी चालू आहेत का, बोजा आहे का, हे तिथे दिसतं. ई-चलन वेगळं तपासा. रोज रस्त्यावर असलेल्या गाडीवर दंडाची थकबाकी साठलेली असते आणि ती फेडल्याशिवाय व्यवहार पुढे सरकत नाही.

टॅक्सीचं पासिंग आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावं लागतं. पासिंग संपलेली गाडी ‘नंतर करून देतो’ या शब्दावर घेऊ नका. कर्ज फिटलं असेल तर फायनान्स कंपनीचा फॉर्म ३५ आणि ना हरकत पत्र हातात हवं. कर्ज फिटलं म्हणून आरसीवरचा बोजा आपोआप उतरत नाही. विजयपूरची गाडी असेल तर तिथल्या आरटीओचं फॉर्म २८ वरचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं, आणि महाराष्ट्राचा कर भरून नवी नोंदणीही करावी लागते. तिकडची किंमत कमी वाटते, पण हा खर्च मिळवला की फरक बहुधा विरघळतो.

नावावर करण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. राज्यांतर्गत विक्रीची माहिती विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत द्यायची असते. नुसत्या नोटरीवर गाडी वर्षानुवर्षं फिरवण्याची आपल्याकडे सवय आहे, पण अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी आरसीवर ज्याचं नाव त्याची, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं आहे. म्हणून नाव बदलण्याची घाई विकणाऱ्यालाही असायला हवी. तो टाळाटाळ करत असेल तर त्यामागे काहीतरी कारण आहे.

पाटी बदलायची कशी

क्रम असा. परवाना सरेंडर करायचा, त्यासाठी सगळा कर आणि दंड भरलेला हवा. मग टॅक्सीची खासगी करण्याचा अर्ज. खासगी गाडीच्या दराचा एकरकमी कर गाडीच्या वयाप्रमाणे भरायचा. आरटीओत गाडी निरीक्षकाला दाखवायची, नवी आरसी घ्यायची आणि पांढरी उच्च सुरक्षा पाटी बसवायची. शेवटी विमा कंपनीला कळवून पॉलिसी प्रवासी वाहनाची बदलून खासगी गाडीची करायची. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, हप्त्याचा अंदाज तो वगळूनच करा. नोंदणीची पंधरा वर्षं मूळ तारखेपासून मोजतात, पाटी बदलल्याच्या दिवसापासून नाही.

सोलापूर जिल्ह्यात एमएच १३ चं सोलापूर आणि एमएच ४५ चं अकलूज अशी दोन कार्यालयं आहेत. तुमच्या पत्त्याच्या कार्यालयात जाऊन त्या गाडीच्या आरसीची प्रत दाखवा आणि कर नेमका किती पडेल ते विचारा. एजंटाने सांगितलेला गोळाबेरीज आकडा धरू नका.

हिशोब

समजा, त्याच मॉडेलची त्याच सालची खासगी गाडी साडेपाच लाखांना आहे आणि टॅक्सी पावणेचार लाखांना. फरक पावणेदोन लाखांचा. कर, पाटी, नाव बदलणं आणि विमा यांचे साठ हजार धरू. चार टायर, क्लच, सस्पेन्शन आणि एसीचं काम सत्तर हजारांचं. उरले पंचेचाळीस हजार. हे आकडे उदाहरणापुरते आहेत, तुमच्या गाडीचे आकडे आरटीओ आणि तुमचा मिस्त्री देतील. पण मांडणी हीच. त्या उरलेल्या रकमेत तिप्पट रनिंगची जोखीम मावते का, आणि पुढे तुम्ही विकायला काढाल तेव्हा ‘आधी टॅक्सी होती’ म्हणून पडणारा भाव भरून निघतो का, हे बघायचं.

स्वतः मालकाने चालवलेली, सर्व्हिसची सलग नोंद असलेली, बोजा उतरलेली, महामार्गावर फिरलेली गाडी असेल आणि सगळं धरून खासगीपेक्षा निदान पाऊण लाखाने स्वस्त पडत असेल, तर जरूर घ्या. वर्षाला आठ-दहा हजार किलोमीटर फिरणाऱ्या घराला ती पाच-सहा वर्षं सहज पुरेल. नोंद नाही, एजन्सीची आहे, पासिंग संपलंय आणि ‘पांढरी करून देतो’ याला लेखी आधार नाही, तर किंमत आणखी पन्नास हजारांनी उतरली तरी नको.

इसार द्याल तेव्हा कागदावर तीन गोष्टी लिहून घ्या: परवाना सरेंडर कोण करणार, जुनी चलनं कोण भरणार, आणि ठरलेल्या तारखेपर्यंत गाडी नावावर झाली नाही तर इसार परत मिळणार. मोठी रक्कम फॉर्म २९-३० वर सह्या झाल्यावर आणि बँकेतूनच द्या. या तीन अटींना विकणारा तयार होत नसेल, तर दुसरी गाडी बघा.