फ्रान्सच्या वाइनला आपल्या केळीचा वास! काय आहे ‘गामे’ द्राक्ष आणि ‘नॅचरल वाइन’?

जळगाव : रावेर-यावलच्या केळीचा आणि फ्रान्सच्या रेड वाइनचा संबंध काय, असं कुणी विचारलं तर आपण हसू. पण संबंध आहे. फ्रान्समधल्या बोजोले भागात दरवर्षी नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी नवी वाइन विक्रीला येते. तिचा ग्लास नाकाजवळ नेला की अनेकांना पिकलेल्या केळीचा वास येतो. त्यात केळी टाकलेली नसते. पिकलेल्या केळीला वास देणारा आयसोअमाइल अ‍ॅसिटेट हा घटक रस आंबताना यीस्टही तयार करतं, म्हणून तो वास येतो.

याच वासावरून फ्रान्समध्ये मोठा वाद झाला आणि ‘नॅचरल वाइन’ची चळवळ उभी राहिली. द्राक्षशेतीचा विचार करणाऱ्या आपल्या शेतकऱ्याने हा विषय समजून घ्यायला हवा. तो का, ते शेवटी पाहू.

राजाने उपटायला लावलेली जात

या वाइनच्या द्राक्षाचं नाव ‘गामे’. पूर्ण फ्रेंच नावाचा अर्थ ‘पांढऱ्या रसाचं काळं गामे’ असा होतो. मणी काळा असला तरी दाबल्यावर रस फिक्कट निघतो. लाल रंग सालीत असतो. साल रसात किती दिवस ठेवली, यावर वाइनचा रंग ठरतो. उलट, पुण्याजवळच्या मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने काढलेल्या ‘मांजरी मेडिका’ या ज्यूसच्या जातीत गरसुद्धा लाल असतो.

गामे भरपूर पिकतं आणि लवकर पिकतं. शेतकऱ्यांना ते आवडलं, पण बरगंडीचा ड्यूक फिलिप द बोल्ड याला नाही. या जातीमुळे वाइनचा दर्जा घसरतो म्हणत त्याने 1395 मध्ये ती उपटून टाकायचं फर्मान काढलं. पुढे दक्षिणेला, बोजोलेच्या ग्रॅनाइटच्या हलक्या जमिनीत हीच जात छान रुजली. जात वाईट नव्हती, तिला मानवणारी जमीन वेगळी होती.

नॅचरल म्हणजे नेमकं काय?

गुळाचं उदाहरण घ्या. बाजारात पिवळाधमक गूळ मिळतो आणि काळपट, बिनरसायनाचाही मिळतो. दोन्ही उसाचेच. फरक गुऱ्हाळात काय टाकलं याचा. वाइनचंही तसंच आहे.

नेहमीच्या पद्धतीत रसात कारखान्यातलं निवडक यीस्ट टाकतात, गरजेप्रमाणे आम्ल किंवा साखर घालतात, गाळतात आणि टिकावी म्हणून सल्फाइट टाकतात. सल्फाइट म्हणजे गंधकाचाच प्रकार. बेदाणा पिवळा राहावा म्हणून गंधकाची धुरी देतात, त्यातलाच भाऊ.

नॅचरल वाइनमध्ये बागेत रासायनिक फवारणी नसते. द्राक्षावर आणि वाईनरीत आपसूक असलेल्या यीस्टवरच रस आंबवतात. वरून काही घालत नाहीत. सल्फाइट अगदी थोडं किंवा नाहीच. युरोपात साध्या रेड वाइनला लिटरमागे 150 मिलिग्रॅमपर्यंत सल्फाइट चालतं. फ्रान्समध्ये 2020 पासून नॅचरल पद्धतीला वेगळं लेबल मिळालं, त्यात ही मर्यादा 30 मिलिग्रॅमच्या आत आहे.

या विचाराचा पाया झ्यूल शोव्हे या बोजोलेच्याच रसायनतज्ज्ञाने घातला. 1980 च्या दशकात मार्सेल लापिएर यांच्यासारख्या शेतकरी-उत्पादकांनी तो बागेत उतरवला. त्या काळी बोजोलेत ‘71 बी’ नावाचं यीस्ट सर्रास वापरलं जाई. ते केळीचा वास वाढवतं. सगळ्यांची वाइन एकसारखीच लागते, मग जमिनीची चव गेली कुठे, हा या लोकांचा सवाल होता.

बोजोलेत अख्खे घड न फोडता बंद टाकीत ठेवतात. आत कार्बन डायऑक्साइड भरला की मण्याच्या आतच आंबण्याची क्रिया सुरू होते. त्यामुळे वाइन हलकी, कमी तुरट आणि फळाच्या वासाची होते. ही पद्धत नॅचरलवालेही वापरतात.

मग आपल्याकडे?

महाराष्ट्रात वाइनची सुरुवात 1980 च्या दशकात नारायणगावला शामराव चौगुले यांच्या इंडेजने केली. नाशिकला राजीव सामंत यांच्या ‘सुला’ने 2000 मध्ये पहिली वाईनरी सुरू केली. 2001 मध्ये राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं. विंचूर आणि पलूसला वाइन पार्क झाले. नाशिकच्या बागांत शिराझ, कॅबरने सोव्हिन्यो, शेनिन ब्लां या जाती रुळल्या. त्याही मूळ फ्रान्सच्याच.

फ्रान्समध्ये वर्षाला एक छाटणी आणि सप्टेंबरच्या आसपास तोडणी. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी आणि जानेवारी ते मार्च तोडणी. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंच, रात्री थंड. जळगाव जेमतेम 200 मीटरवर. उष्णतेत द्राक्षात साखर भराभर चढते, पण आंबटपणा उतरतो. आंबटपणा कमी असला की जिवाणूंचं फावतं आणि वाइन लवकर बिघडते. अशा वेळी सल्फाइटचा आधार काढून घेणं म्हणजे मोठी जोखीम. त्यात मे महिन्यात 45 अंशांत बाटली ट्रकमधून न्यायची! नॅचरल वाइनला थंड साठवण लागते. म्हणून ती आपल्याकडे सोपी नाही.

हिशेबही समजून घ्या. रसात लिटरला साधारण 17 ग्रॅम साखर असेल तर 1 टक्का अल्कोहोल तयार होतं. 22 ब्रिक्सच्या द्राक्षातून 12-13 टक्क्यांची वाइन निघते. ‘नॅचरल’ लिहिलं तरी ती दारूच आहे, औषध नाही. आणि परवान्याशिवाय घरी वाइन करून विकणं हा गुन्हा आहे.

शेतकऱ्याने काय पाहावं?

27 जानेवारी 2022 ला राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विक्रीचा निर्णय घेतला, तेव्हा ‘वाइन म्हणजे शेतकऱ्याचा फायदा’ असं खूप बोललं गेलं. विरोधही जोरात झाला. पण एक गोष्ट त्या गदारोळात मागे पडली.

खायचं द्राक्ष बाजारात पडलं तर निदान बेदाणा करता येतो. वाइनच्या द्राक्षाचे मणी बारीक, साल जाड, आत बिया. वाईनरीने माल उचलला नाही तर मंडईत त्याला कुणी विचारत नाही. 2008 नंतरच्या मंदीत नाशिक भागात हेच झालं. वाईनऱ्या अडचणीत आल्या, माल पडून राहिला आणि कित्येकांनी उभ्या बागा उपटल्या. तिथे ड्यूकचं फर्मान नव्हतं, बाजाराचं होतं.

म्हणून कुणी करार घेऊन बांधावर आलं, तर आधी चार गोष्टी लेखी घ्या : भाव किलोवर की ब्रिक्सवर? माल किती तारखेच्या आत उचलणार? नापास माल कुणाच्या माथी? आणि पैसे किती दिवसांत? करार किती वर्षांचा, तेही पाहा. खुंट लावून, कलम करून पहिलं उत्पन्न हाती यायलाच दोन-तीन वर्षं जातात. करार एका हंगामाचा आणि बाग पंधरा वर्षांची, हा सौदा आपल्याला परवडणारा नाही.