लाडू घरात, तिकीट विरारला

बोईसरच्या एमआयडीसीत नवराबायको वेगवेगळ्या पाळ्यांत असले, की दोघांची सुट्टी एका दिवशी येणं हाच मोठा योग. तो जुळून आला की मुलं ‘छोटा भीम’च्या सिनेमाचा हट्ट धरतात आणि आई विचारते, ‘रोज घरात तोच लावून बसता ना, मग तिकीट काढून परत तोच कशाला?’ प्रश्न बिनतोड आहे. विरारपर्यंत लोकल, मॉलमधली चार तिकिटं, वर तिकिटाच्या तोडीचं पॉपकॉर्न. मालिकेवरून सिनेमा काढणाऱ्या निर्मात्याला आधी या माउलीला उत्तर द्यावं लागतं.

हैदराबादच्या राजीव चिलाका यांच्या ग्रीन गोल्ड कंपनीनं ‘छोटा भीम’ ही कार्टून मालिका २००८ मध्ये पोगो वाहिनीवर आणली. गोष्ट दहा-अकरा मिनिटांची. भीमाच्या ढोलकपूरवर संकट येतं, त्याच्याशी बरोबरी करू पाहणारा कालिया शहाणपणा करायला जाऊन तोंडावर पडतो, भीम टुनटुन मावशीचा लाडू खातो, संकट पळतं. दुसऱ्या दिवशी ढोलकपूर जसंच्या तसं! मुलांना हवं असतं ते हेच. सिनेमागृहात मात्र माणूस दोन तास बसणार, तेवढ्या वेळाला एक लाडू पुरत नाही. म्हणून २०१२ च्या ‘छोटा भीम अँड द कर्स ऑफ दम्यान’मध्ये सगळी गँग ढोलकपूरबाहेर, सोनापुरात गेली आणि तिथून थेट हजार वर्षं मागे. संकट मोठं झालं, तशी कालियाच्या फजितीची जागा आक्रसली. माझ्या मते हा तोट्याचा सौदा होता. पण मुलांनी सिनेमा उचलून धरला. तोही अशा काळात, की विरारपुढे बोईसरवरून डहाणूपर्यंत लोकल यायला अजून वर्षभर होतं. ती आली एप्रिल २०१३ मध्ये.

दम्यान राक्षसाची तीच गोष्ट ३१ मे २०२४ रोजी पुन्हा आली, ती खऱ्या माणसांना घेऊन. भीम झाला यज्ञ भसीन. इथे एक गंमत बघण्यासारखी आहे. चित्रातला कालिया डोंगरावरून पडतो, पापडासारखा चपटा होतो आणि उठून परत लाडू चोरायला जातो. त्याला वजन नाही, हाड नाही, म्हणून हसू येतं. खरा मुलगा तसाच आपटला तर बघणाऱ्याच्या तोंडून आधी ‘अगं बाई’ निघतं, हसू मागाहून. भीमाच्या ठोशाचंही तेच. दिग्दर्शक चिलाकाच होते, पण कागदावरचा विनोद हाडामांसावर चढवायचा म्हणजे बेत नव्यानं शिजवावा लागतो. शिवाय चेहऱ्याचा प्रश्न आहेच. वर्षानुवर्षं गोल डोक्याचा भीम बघितलेलं पोर म्हणणारच, ‘हा तो नाही.’

मग याच सिनेमात अनुपम खेर आणि मकरंद देशपांडे कुणासाठी? एक गुरू शंभू, दुसरा स्कंदी. पोरांना या नावांचं काय कौतुक! ते आहेत आईबापांसाठी. घरात भीम चालू असतो तेव्हा आई स्वयंपाकघरात असते आणि बाप तिसऱ्या पाळीची झोप काढत असतो. मुलं टीव्हीसमोर गप्प बसतात, हाच तर त्या मालिकेचा घरातला उपयोग. थिएटरात मात्र मोठी माणसं पहिल्यांदाच शेजारी बसून भीम बघतात, आणि पैसे त्यांनी दिलेले असतात. लहानांची मालिका ‘कौटुंबिक’ होते ती या खुर्च्यांपायी.

मराठीत हे गणित एकदा उलटं सुटलं होतं. सत्तरच्या दशकाअखेर मुंबई दूरदर्शनवर विजया जोगळेकर-धुमाळे यांची ‘चिमणराव’ मालिका लागायची. टीव्ही असलेल्या एका घरात शेजारपाजारचे सगळे जमत, लहानथोर एकाच सतरंजीवर. कुटुंब आधीच एकत्र बसलेलं होतं. म्हणून १९७९ मध्ये विनय धुमाळे यांनी ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ सिनेमा केला तेव्हा मोठ्यांसाठी वेगळं आमिष नको होतं. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे, तेच चेहरे पडद्यावर गेले. खरं तर चिं. वि. जोशींच्या कथांतली ही जोडी टीव्हीच्या कितीतरी आधी सिनेमात येऊन गेलेली. १९४० च्या ‘लग्न पहावे करून’मध्ये दामुअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग होतेच.

पुढे प्रभावळकरांनीच मुलांसाठी बोक्या सातबंडे लिहिला. तो आकाशवाणीवरून पुस्तकात आणि २००९ मध्ये सिनेमात आला. बोक्याच्या उचापतींत आईबाप, आजी, शेजारी सगळे गोत्यात येतात, त्यामुळे मोठ्यांना आपली फजिती बघत बसता येतं. असा मुलगा मराठी वाहिन्यांवर रोज दिसायला हवा होता. तिथे मुलं गाण्याच्या स्पर्धेत दिसतात, त्यांच्यासाठीची गोष्ट शोधावी लागते. बोईसरच्या कॉलनीतली पोरं, घरी वाडवळी बोलणारी असोत की भोजपुरी, खेळताना भीमाच्या हिंदीतच एकमेकांना आव्हान देतात ती उगाच नाही.