दुकान वाढवायच्या आत

रायपूरमधल्या पंडरीच्या कापड बाजारात मी बारा वर्षं संगणक दुरुस्तीचं काम करते. घर तात्यापाऱ्यात, घरात मराठी, बाजारात हिंदी आणि छत्तीसगढी. ठोक व्यापाऱ्यांचे हिशेब, जीएसटीची बिलं, गिऱ्हाइकांच्या पॅन आणि आधारचे फोटो, सगळं इथल्या संगणकांत असतं. संगणक जुना झाला की मुनीमजींच्या मुलाला मिळतो, नाहीतर विकला जातो. त्याआधी मला निरोप येतो, "दीदी, सब साफ कर देना."

साफ करणं म्हणजे काय, ते मी गोदामाच्या भाषेत सांगते. फाइल डिलीट केली, रिसायकल बिन रिकामा केला, तरी संगणक फक्त वहीतलं नाव खोडतो. तागा रॅकवर तसाच असतो. ती जागा मोकळी धरली जाते, पण तिथे नवा माल येऊन पडेपर्यंत जुना माल साध्या रिकव्हरी सॉफ्टवेअरनं उचलता येतो. सिमसन गारफिंकेल आणि अभि शेलाट या अमेरिकेतल्या संशोधकांनी १५८ वापरलेल्या हार्ड डिस्क विकत घेऊन तपासल्या. २००३ साली त्यांनी निष्कर्ष छापले. वाचता आलेल्या १२९ डिस्कपैकी नीट पुसलेल्या फक्त १२ होत्या, आणि बाकीच्यांतून क्रेडिट कार्डांचे हजारो क्रमांक निघाले.

म्हणून मोकळ्या जागेवर शून्यं किंवा कसलेही आकडे लिहून ती भरून टाकायची. विंडोज आणि टॅली जागेवर ठेवून फक्त खोडलेलं पुसायचं असेल, तर हाच मार्ग.

एका दिवाळीच्या तोंडावर मी असंच एक काम घेतलं. एक टेराबाइटची डिस्क, त्यात सहाशे गिगाबाइट मोकळी. जास्त फेरे म्हणजे जास्त सुरक्षा असं मानून मी ३५ फेऱ्यांचा पर्याय निवडला आणि संध्याकाळी सातला काम सुरू केलं. सकाळी नऊला येऊन पाहते तो नववा फेरा चालू. हिशेब साधा आहे. सेकंदाला शंभर मेगाबाइट लिहिणारी डिस्क एका फेऱ्याला एक तास चाळीस मिनिटं घेते. पस्तीस फेऱ्यांना ५८ तास. मालकांना मी अडीच दिवस सांगितले. शेजारच्या दुकानदारांनी ते ऐकलं आणि आपला जुना संगणक न पुसताच विकून टाकला. त्यात किती घरांचे कागद गेले असतील, हे आजही मला टोचतं.

मग मी त्या ३५ आकड्याचं मूळ शोधलं. पीटर गुटमन या न्यूझीलंडच्या अभ्यासकानं १९९६ साली हे फेरे सुचवले होते, तेही त्या काळच्या वेगवेगळ्या जातींच्या डिस्क एकत्र धरून. पुढे त्यानंच लिहिलं की आजच्या डिस्कला सगळे ३५ फेरे देण्यात अर्थ नाही. अमेरिकेच्या मानक संस्थेचं, एनआयएसटीचं, २०१४चं मार्गदर्शन सांगतं की चुंबकीय डिस्कवर शून्यांचा एक फेरा दिला, तरी प्रयोगशाळेतही जुना मजकूर परत मिळवणं सहसा जमत नाही. म्हणजे त्या रात्री माझं काम पावणेनऊच्या आतच झालं होतं.

आता मी एकच फेरा देते. विंडोजमधली 'सायफर' ही आज्ञा स्वतःहून तीन फेरे करते. मायक्रोसॉफ्टच्याच 'एसडिलीट'मध्ये फेरे आपण ठरवू शकतो. डिस्क बाहेरून जोडायची असेल, तर जुनं यूएसबी २.० टाळते. तिथे वेग सेकंदाला तीसेक मेगाबाइटवर येतो आणि तोच फेरा साडेपाच तासांचा होतो. पुसणी चालू असताना त्या संगणकावर दुसरं काम करत नाही, कारण डिस्कचं डोकं दोन्हीकडे धावलं की दोन्ही कामं रखडतात. शेवटाकडे वेग उतरला तर घाबरू नका. तबकडीच्या आतल्या कडेचे मार्ग लहान असतात, एका फेरीत तिथे कमी मजकूर मावतो. आणि डिस्कवरचं काहीच ठेवायचं नसेल, तर मोकळी जागा पुसत बसू नका. विंडोज व्हिस्टापासून पुढे 'क्विक'ची खूण काढून केलेलं पूर्ण फॉरमॅट निवडलेल्या सगळ्या पार्टिशनवर शून्यं लिहितं.

एसएसडीची गोष्ट वेगळी. झीज सारखी वाटली जावी म्हणून ती मजकूर स्वतःच जागा बदलून लिहिते आणि काही जागा राखीव ठेवते. त्यामुळे वरून शून्यं ओतली, तरी सगळं पुसलं गेल्याची खात्री नाही, शिवाय झीज वाढते. तिथे कंपनीनं दिलेली पुसण्याची सोय वापरावी. त्याहून चांगलं म्हणजे पहिल्या दिवसापासून बिटलॉकरसारखं कुलूप लावावं; किल्ली नष्ट केली की उरलेला मजकूर वाचता येत नाही.

आता कुणी बोलावलं की मी आधी मोकळी जागा बघते, तिथेच कागदावर भागाकार करते आणि वेळ सांगते. "दुकान बढ़ाने से पहले हो जाएगा?" असा प्रश्न येतो. हो म्हणता आलं, की संगणक न पुसता दुकानाबाहेर जात नाही.