दोन घरांतल्या दोन किडन्या

समजा, बोरिवलीतल्या एका घरात नवरा ए रक्तगटाचा आणि बायको बी गटाची. घाटकोपरच्या एका घरात नेमकं उलट. दोन्ही नवऱ्यांच्या किडन्या निकामी, आठवड्यातून तीनदा चार-चार तास डायलिसिस सुरू. दोन्ही बायका एक किडनी द्यायला तयार आहेत, पण गट जुळत नाही म्हणून स्वतःच्या नवऱ्याला देता येत नाही. पहिलीची किडनी दुसरीच्या नवऱ्याला आणि दुसरीची पहिलीच्या नवऱ्याला दिली, तर दोघांचंही डायलिसिस सुटू शकतं. यालाच स्वॅप म्हणतात.

ही कल्पना प्रत्यारोपणतज्ज्ञ फेलिक्स रॅपापोर्ट यांनी १९८६ मध्ये मांडली आणि १९९१ मध्ये दक्षिण कोरियात ती प्रत्यक्षात आली. मुंबईत तिला आकार दिला तो डॉ. विश्वनाथ बिल्ला यांच्या अ‍ॅपेक्स किडनी फाउंडेशनने, वेगवेगळ्या रुग्णालयांतल्या जोड्यांची एकत्र नोंद ठेवणारी स्वॅप रजिस्ट्री उभारून. जून २०१३ मध्ये शहरातल्या तीन रुग्णालयांत पाच रुग्णांची साखळी जुळवण्यात आली. पाच दाते, पाच रुग्ण, दहा शस्त्रक्रिया. अशा शस्त्रक्रिया एकाच वेळी कराव्या लागतात, कारण आपल्या माणसाला किडनी मिळाल्यावर एखाद्या दात्याचं मन बदललं, तर त्याला कोणी सक्ती करू शकत नाही आणि करूही नये.

मेंदूमृत दात्याची वाट पाहायची, तर मुंबईच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राची यादी हजारोंची आहे आणि असे दाते अलीकडे वर्षाला साधारण पन्नास-साठ मिळतात. गट न जुळताही प्रत्यारोपण करता येतं. त्यासाठी आधी रुग्णाच्या रक्तातली प्रतिपिंडं प्लाझ्मा बदलून आणि औषधांनी उतरवतात. पण त्याने खर्च फुगतो आणि संसर्गाचा धोका वाढतो. स्वॅपमध्ये हे सारं टळतं.

मग अडतं कुठे? थोडं गणित करू. दहा जोड्या असतील, तर दोन-दोनच्या ४५ जुळण्या तपासता येतात. शंभर जोड्या असतील, तर ४,९५०. पण त्याच शंभर जोड्या दहा रुग्णालयांनी आपापल्या फायलींत दहा-दहा करून ठेवल्या, तर सगळ्या मिळून फक्त ४५०. अंधेरी, मुलुंड, पवई, बोरिवली इथे कुशल डॉक्टर आहेत, पण रुग्ण विखुरलेले आहेत. अहमदाबादच्या सरकारी किडनी संस्थेत एका छपराखाली रुग्णांचा मोठा ओघ येतो. तिथे डॉ. विवेक कुटे आणि सहकाऱ्यांनी स्वॅपचं मोठं काम करून त्यावर शोधनिबंध लिहिले, हे मला या गणिताचंच फळ वाटतं. जोड्या कशा लावायच्या याचा शास्त्रशुद्ध विचार अल्विन रॉथ या अर्थशास्त्रज्ञाने केला; २०१२ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी. पण पद्धत कितीही चांगली असली, तरी नोंदच झाली नसेल तर ती काय जुळवणार?

स्त्रियांबद्दल थांबून लिहायला हवं. आपल्याकडे जिवंत दात्यांमध्ये स्त्रिया जास्त आणि किडनी मिळणाऱ्यांमध्ये पुरुष जास्त. त्यात शरीरशास्त्राची एक अडचण आहे. गरोदरपणात बाळाकडे आलेल्या वडिलांच्या पेशीखुणांविरुद्ध आईच्या रक्तात प्रतिपिंडं तयार होऊ शकतात. पुढे तिला किडनी लागली आणि नवरा द्यायला तयार झाला, तर रक्तगट जुळूनही क्रॉसमॅच पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणजे तिची प्रतिपिंडं त्या किडनीवर हल्ला करतील असं चाचणी सांगते. मुलाची किडनी घेतानाही तोच अडथळा. अशा बाईसाठी परक्या घरातला दाता अधिक सुरक्षित ठरू शकतो. घरातले तयार असूनही तिला नुसत्या डायलिसिसवर ठेवणं मला मान्य होत नाही.

सर्वांत जास्त अडकतात ओ गटाचे रुग्ण. त्यांना ओ गटाचीच किडनी चालते. पण ओ गटाचा दाता रक्तगटाच्या हिशेबात कोणालाही देऊ शकतो, म्हणून तो थेट आपल्या माणसाला देऊन मोकळा होतो. स्वॅपच्या यादीत येतच नाही. यावर जगभर अभ्यासला गेलेला उपाय म्हणजे जुळणाऱ्या जोड्यांनाही यादीत बोलावणं. ओ गटाची पन्नाशीची बायको ए गटाच्या नवऱ्याला थेट देऊ शकते. पण स्वॅपमधून त्याला तरुण दात्याची किंवा पेशीखुणा अधिक जुळणारी किडनी मिळाली आणि तिची किडनी एखाद्या ओ रुग्णाला गेली, तर फायदा दोन्ही घरांचा.

आपल्या कायद्यात मात्र याला वाव दिसत नाही. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यात २०११ ची दुरुस्ती १० जानेवारी २०१४ पासून लागू झाली आणि स्वॅपला स्पष्ट मान्यता मिळाली. आजी-आजोबा आणि नातवंडंही जवळच्या नातेवाइकांत आली. पण स्वॅपच्या कलमात दाता जवळचा नातेवाईक असावा आणि त्याची किडनी आपल्या रुग्णाला जुळत नसावी, अशी अट आहे. अवयवांच्या बाजाराची भीती खरी आहे. २०१६ मध्ये पवईतल्या एका रुग्णालयात किडनीसाठी बनावट पत्नी उभी करण्याचा प्रकार उघड झाला होता. म्हणून नात्याची अट राहावी आणि प्रत्यारोपणाला परवानगी देणाऱ्या समितीची कसून तपासणीही राहावी. मात्र न जुळण्याची सक्ती काढून टाकावी, आणि प्रत्यारोपण करणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने आपल्या जोड्या एकाच सामाईक यादीत नोंदवणं बंधनकारक करावं.